आधी माणसं मोज

बाबा, आज, तुझ्या पुण्यतिथीला, तुझ्या नावाची पाटी लागणार होती आणि ती मी अडवली. चांगली संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं, दोन कोपऱ्यांत दोन कोरलेली फुलं. मंडळाच्या पोरांनी हौसेनं करून आणली होती. विहिरीजवळ मांडव, खुर्च्या, हार, नारळ, वडे तळून तयार. आणि मी, तुझा एकुलता एक मुलगा, माझ्या खांद्यावर शाल पडायच्या आत उठून म्हणालो, ही पाटी खोटी आहे, ही लावायची नाही. ताईनं माझ्याकडे जे बघितलं ते तू बघायला हवं होतंस. लहानपणी माझ्या हातून तिची बाहुली वाडीतल्या तळ्यात, आपल्या बावखलात पडली, तेव्हासुद्धा तिनं असं बघितलं नव्हतं.

तुला 'तू'च लिहितोय. दुकानात दिवसभर सर, मॅडम, शेठ करून माझी जीभ गुळगुळीत झालीय, पण आपल्या घरात आईबापाला अहोजाहो करायची पद्धत नव्हती, आणि मेल्यावर तुला उगाच बढती कशाला द्यायची? पाटीवर मात्र ती बढती दिली होती. 'शेजाऱ्याचे प्राण वाचवताना स्वतःच्या प्राणांची आहुती देणारे', आणि पुढे तुझं नाव, 'श्री' लावून, 'कै.' लावून. त्यातलं नाव तेवढं खरं. बाकीचं खोटं आहे हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक, तो शेजारी, आपला पलीकडचा काका, पहिल्याच रांगेत वडा हातात धरून मान खाली घालून बसला होता. त्याला तो वडा खाताही येईना आणि ठेवताही येईना.

बाबा, तू मूर्खपणानं मेलास. हे मी रागानं लिहीत नाही. तुझ्याच तोंडून मी हा शब्द शिकलो आणि तो किती प्रेमानं वापरता येतो तेही तुझ्याकडूनच शिकलो. म्हणूनच तुझं मरण कोणी धुऊन, इस्त्री करून भिंतीवर टांगायला आणलं की माझं डोकं फिरतं.

तुला आठवतं, पोलीस चौकीतला तो हवालदार सायकल आपल्या कुंपणाला टेकवायचा आणि बाहेरूनच हाक मारायचा, "चला पंच, सही पाहिजे." गावात पंचनाम्याला उभं राहायला कोणी तयार नसायचं. कोणाला कोर्टाची भीती, कोणाला भुताची. तू एकटा कधी नाही म्हणाला नाहीस. तुझं अक्षर चांगलं, दुपारी तू शुद्धीत असायचास आणि आपलं घर रस्त्याला लागून, एवढ्या तीन गुणांवर तू पंचक्रोशीतल्या सगळ्या अपघाती मृत्यूंचा साक्षीदार झालास. हातातली केळीची पानं तशीच टाकून तू सदरा चढवायचास आणि विचारायचास, "कोन गेला? कसा गेला?" हवालदार देशावरचा होता, कपाळाला हात लावून म्हणायचा, "येऊन बघा. सांगून पटायचं नाही तुम्हाला."

आणि खरंच सांगून पटायचं नाही. मग तू परत यायचास. मागच्या दारी हातपाय धुवायचास, डोक्यावरून दोन तांबे ओतून घ्यायचास आणि स्वयंपाकघरात पाटावर बसायचास. आय चुलीपुढे. तव्यावर बोंबील. मी आणि ताई कान टवकारून. पहिला घास गिळेपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. माझे कान तिखट आहेत असं लोक आज म्हणतात. गिऱ्हाईक दाराबाहेर बायकोला काय कुजबुजलं ते मला गल्ल्यावर ऐकू येतं. पण ते कान तुझ्या त्या पहिल्या घासाची वाट बघून तयार झालेत.

तू सांगतोयस. माडावर चढणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. हात मोकळे राहावेत म्हणून त्यानं कमरेला दोर बांधून घेतला. "अक्कल चांगली," तू म्हणतोस, "हुशारच होता तो. फक्त दोर गोठ्यातला होता आनि दुसरं टोक म्हशीच्या गळ्यात होतं, ते सोडायचं ऱ्हायलं." वरून त्यानं पहिला नारळ टाकला तो नेमका म्हशीच्या पुढ्यात. म्हैस उधळली. तू बोंबलाचा काटा ओढून काढतोस. मग आय तव्यावरची नजर न काढता विचारते, "म्हशीला काय लागलं काय?" आणि तुझ्या तोंडातला घास बाहेर उडतो.

आणि तो नव्या बिल्डिंगमधला. तेव्हा नालासोपाऱ्याला नुकत्याच चार चार माळ्यांच्या बिल्डिंगी उठत होत्या, मुंबईहून, कोकणातून, देशावरून माणसं येऊन राहत होती. बिचारा नोकरदार माणूस, रविवारी घरी. टीव्हीवर मुंग्या दिसतात म्हणून अँटेना फिरवायला खिडकीतून सज्जावर उतरला. बायको आतून सांगतेय, "आलं, आलं... गेलं... आलं. अजून थोडं तिकडे. अजून थोडं." तो अजून थोडा तिकडे सरकला. तू म्हणालास, "आम्ही पंचनाम्याला गेलो तेव्हा चित्र एकदम साफ दिसत होतं."

यावर मी खो खो हसलो होतो. दहावीला दोनदा आपटलेला घोडा मी, मिसरूड फुटलेलं. म्हटलं, काय येडा माणूस! तू ताटावरचा हात उचललास. मारलं नाहीस, पण तो हात हवेत तसाच राहिला. "मेलेल्याला हसायचं नाय," तू म्हणालास. "त्याच्या घरात आज चूल पेटली नाय. त्यानं केलं काय, त्याला हसायचं. तेवढ्याला पोटभर हस. मग उद्या तुझ्या हातून तेच व्हायला लागलं की तुला आपोआप लाज वाटंल आनि तू वाचशील. मानसाला हसलास तर काय शिकलास? तू शहाना, तो येडा, एवढंच." आय म्हणाली, "मेलेल्यांच्या गोष्टी पोरांना जेवताना सांगतोस, पाप लागंल." तू म्हणालास, "जेवतानाच ऐकतात गं. उपाशी मानूस काय ऐकतो?"

आपल्या घराचे सगळे नियम अशा एकेका मेलेल्या माणसावर उभे होते. दोराचं दुसरं टोक बघितल्याशिवाय गाठ मारायची नाही. वर चढलेल्या माणसाला खालून 'अजून थोडं' म्हणायचं नाही. पिन नाही म्हणून वायरी काडीपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचायच्या नाहीत. दुसऱ्यांच्या घरी देवादिकांच्या तसबिरी असतात, आपल्या घरी ही अनोळखी माणसं राखण करत बसलेली. प्रत्येकाची गोष्ट आम्हाला पाठ, एकाचंही नाव ठाऊक नाही. नाव तू कधी सांगितलं नाहीस. नाव सांगितलं की ती चहाडी होते, असं तुझं म्हणणं.

फक्त एकदा तू परत आलास आणि जेवला नाहीस. तिघे भाऊ होते. विहिरीतला गाळ काढायला इंजिन खाली उतरवलेलं, त्याचा धूर विहिरीत कोंडला. एक भाऊ खाली पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दोघांना काढायला तिसरा. दुसऱ्या दिवशी तू पाटावर बसलास आणि घास न घेताच बोललास. "पहिला गेला ते नशीब. दुसरा गेला ती माया. तिसरा गेला तो मूर्खपना." मग आमच्याकडे वळून, बोट नाचवून: "आधी इंजिन बंद. मग मानसं मोजायची. वर किती, खाली किती. मग कंदील सोडायचा. विझला तर कोनी उतरायचं नाय. सख्खा बाप खाली असला तरी नाय." आय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नव्हते, पण ओठ हलत होते. ती पाठ करत होती.

मी दुकान टाकलं तेव्हा तू खूश नव्हतास. तुला मी रेल्वेत चिकटायला हवा होतो. सायकलच्या मागे शिडी बांधून मी बिल्डिंगी बिल्डिंगी फिरलो, नळ बदलले, मोटारी दुरुस्त केल्या, आणि मग पश्चिमेला रस्त्यावर एक गाळा घेतला. पंप, पाइप, वायर, शिड्या. उद्घाटनाला तू गणपतीची तसबीर आणशील असं वाटलं होतं. तू काथ्याच्या दोराचं एक मोठं वेटोळं खांद्यावर टाकून आलास, गल्ल्यावर धपकन ठेवलंस आणि म्हणालास, "विकताना सांग, दुसरं टोक बघा." बस्स, तोच आशीर्वाद. तो दोर मी विकला नाही. अजून खिळ्याला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हा कितीला?" मी म्हैस सांगतो. गिऱ्हाईक हसतं, दुसरा दोर घेतं आणि जाताना न चुकता दोन्ही टोकं बघतं.

मग तो मे महिना. बिल्डिंगींना पाणी पुरेना, टँकरवाले गावात शिरले आणि आपल्या वाड्यांच्या विहिरी उपसून नेऊ लागले. बावखलं आटली, केळी माना टाकायला लागल्या. काकाच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की काठावरच्या इंजिनाला ते ओढता येईना. तेव्हा काकानं जे केलं ते त्या उन्हाळ्यात दहा जणांनी केलं. फळ्या टाकल्या आणि इंजिनच दोराला बांधून विहिरीत खाली उतरवलं. आणि सुरू केलं. सांगणार कोण? तू सांगितलंस म्हणे, सकाळीच, कुंपणावरून. काका म्हणाला, "तासाभराचं काम हाय रे, नंतर काढतो."

मी तिथे नव्हतो. पण पुढचं मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की मला ते दिसतं. तू जेवायला बसलायस. काकी धावत येते, "ह्ये विहिरीत हायेत, हाका मारते तर बोलत नायत!" तू ताटावरून उठतोस. हात खरकटा. विहिरीच्या काठावर काकाच्या चपला, शेजारी त्याचा सदरा घडी करून ठेवलेला. खाली इंजिन धडधडतंय, धूर, काही दिसत नाही. आणि तू, ज्यानं आम्हाला आयुष्यभर माणसं मोजायला शिकवलं, तू चपला मोजल्यास. इंजिन बंद केलं नाहीस. कंदील मागितला नाहीस. "आलो रे," एवढं ओरडलास आणि पायऱ्यांच्या खुंट्या धरून उतरलास. नंतर तुझा आवाज आला नाही.

काका केळीत झोपला होता. इंजिनाच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणून कानाला ओला पंचा गुंडाळून, पार वाडीच्या टोकाला, थंड सावलीत. चपला काठावर ठेवल्या कारण सारणीत, पाण्याच्या पाटात, चिखल होता, आणि सदरा उकाड्यानं काढलेला. बोंबाबोंब झाली तेव्हा तो उठला, पंचा सोडत सोडत धावत आला, गर्दीत घुसला आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय झालं? कोन पडला?"

तो माणूस मागे न बघता म्हणाला, "तू."

बाबा, ही गोष्ट दुसऱ्या कोणाची असती, तर या ठिकाणी तुझ्या तोंडातला घास उडाला असता. मला ठाऊक आहे. आणि म्हणूनच मी इथे हसतो. दरवेळी हसतो. तुझ्यासाठी हसायला आता दुसरं कोण आहे?

गर्दीतले चार जण उतरायला निघाले होते. एकानं सदरा काढलाही होता. त्यांना आयनं अडवलं. तुझी बायको, जिनं जन्मात चारचौघांत आवाज चढवला नव्हता, ती विहिरीच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली आणि किंचाळली, "इंजिन बंद करा! मानसं मोजा! कंदील आना, आधी कंदील!" कोणी तरी दोर ओढून इंजिनाची डिझेलची नळी तोडली, ते बंद पडलं. मी स्कूटर फेकून पोचलो तेव्हा ती तशीच उभी. मी तिच्या बगलेतून घुसायला गेलो. तिनं मला थोबाडीत मारली, बाबा. पहिली आणि शेवटची. म्हणाली, "बाप खाली असला तरी नाय, म्हनालाय तो." कंदील सोडला, तो अर्ध्यात विझला. मग आम्ही वर बसून राहिलो. बंबवाले आले आणि बुडालेली घागर काढायचा जो गळ असतो ना, चार आकड्यांचा, तो तुझ्या सदऱ्यात अडकवून त्यांनी तुला वर काढलं.

आणि हवालदार आला. सायकल कुंपणाला टेकवली. गर्दी बघितली, कोण गेलं ते अजून त्याला ठाऊक नव्हतं. सवयीनं म्हणाला, "अहो, पंचांना बोलवा की कोणी तरी."

ते ऐकून कोणी हललं नाही. मग त्याला कळलं. तो चिखलात मटकन खाली बसला, टोपी मांडीवर ठेवून.

हे सगळं मी दुकानात सांगतो. पंप घ्यायला येईल त्याला सांगतो. इंजिन वर ठेवा, पाणी खाली गेलं असेल तर पाण्यात बुडणारी विजेची मोटार घ्या, पण इंजिन विहिरीत उतरवू नका, माझा बाप असा असा गेला. लोक आधी हळहळतात. मग 'तू' या शब्दाला त्यांना हसू आवरत नाही आणि ते शरमतात. मी म्हणतो, हसा, हसा, तो असता तर हसला असता. बंबवाल्यानं एकदा मला समजावलं की इंजिनाच्या धुरात कधी कधी कंदील जळत राहतो आणि माणूस मात्र मरतो, त्यामुळे कंदिलावरही भरवसा नाही. तेव्हापासून मी तुझ्या नियमात दुरुस्ती केली, कंदील जळत राहिला तरी उतरायचं नाही, ती तुला चालेल असं धरून चालतो. ताई म्हणते, "तू बाबाचं मरण विकतोस." मी म्हणतो, विकत नाही, पंपाबरोबर फुकट देतो.

तिची बाजू सांगितली नाही तर तू मला रागावशील. तिच्या सासरी तुझी ओळख 'पंच' अशी होती, मानाची. मग ती 'केळीत झोपलेल्याला वाचवायला गेलेला' अशी झाली. लग्नात, मयताला, कोणी तरी पाठीमागे खुसखुसतं. तिलाही कान आहेत. परवा ती माझ्या घरी आली, पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "एक पाटी लागतेय तर लागू दे ना. चार चांगले शब्द. कोणाचं काय जातंय? तो जीव वाचवायलाच गेला होता, ते तर खोटं नाही?" ते खोटं नाही. मी त्यावर रात्रभर तळमळलो म्हण. पण ताईला मी जे उत्तर दिलं तेच आज मांडवात दिलं.

मी म्हणालो, ही पाटी वाचून उद्या गावातला एखादा पोरगा विहिरीत उडी घेईल. कारण इथे लिहिलंय की उतरणारा मोठा. माझ्या बापाचं ऐकून त्या दिवशी चार जण उतरले नाहीत, ते चौघे आज इथे बसलेत, पोराबाळांसकट. त्यांच्याबद्दल पाटीत एक अक्षर नाही. माझा बाप आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला आणि शेवटी आपणच ती विसरला. विसरला ते मायेनं, मान्य. पण विसरला. त्याला हसा, मला चालेल. त्याला देव करू नका. देवाचं कोणी ऐकत नाही, नुसता नारळ फोडतात.

मंडळाचा अध्यक्ष, चांगला शिकलेला पोरगा, बँकेत आहे, तो हळूच म्हणाला, "दादा, पण संगमरवर आणलाय. अक्षरं कोरून झालीत." म्हटलं, मागची बाजू? तो म्हणाला, "मागची कोरी आहे." म्हटलं, मग झालं तर. त्यावर लिहा: इंजिन वर ठेवा. आधी माणसं मोजा. खाली कोणी उतरू नका, बंब बोलवा. आणि खाली त्याचं नाव. तो म्हणाला, "ही पाटी कुठे झाली, ही तर सूचना झाली." मी म्हटलं, त्याला जन्मभर दुसरं काय येत होतं?

तेव्हा काका उठला. आता फार थकलाय. हातातला वडा शेजारच्याच्या हातात देऊन, सगळ्यांकडे पाठ करून, माझ्याकडे बघत बोलला, "मी तिथं नव्हतो रे. मी झोपलेलो. ती पाटी लागली असती तर पानी काढायला येताना रोज मला वाचायला लागली असती." एवढंच. खाली बसला. मांडवात कोणी तरी, मला वाटतं त्या चौघांपैकीच एक, फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळे. ताई हसली नाही. ती निघून गेली. पण जाताना तिनं पाटीवरचा हार काढून सरळ केला आणि तुझ्या फोटोला घातला. माझ्याशी बोलेल कधी तरी. तुझी मुलगी आहे, तिला अबोला जमतो, पण लांबवता येत नाही.

आता शेवटचं. हे मी मांडवात सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हतो.

सगळे पांगल्यावर, ऊन उतरताना, मी पाटी उचलून टेम्पोत टाकली. कोरणाऱ्याकडे उद्या न्यायचीय. मग एकटाच विहिरीकडे गेलो. तुझ्यानंतर तिच्यावर मी जाळी बसवून दिली होती, माझ्याच दुकानातली, वर कुलपाचं झाकण. चावी काकाकडे असते. बघतो तर झाकण उघडं. आणि काठावर चपला. काकाच्या. त्याच, टाचेकडून झिजलेल्या, नीट जोडीनं ठेवलेल्या.

मी हाक मारली, "काका!" खालून काही नाही. पुन्हा हाक मारली. मग मला मांडवातलं त्याचं तोंड आठवलं, ते वडा धरून बसणं, ते उठून बोलणं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की माझी पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली आहे, एक पाय पहिल्या खुंटीवर आहे आणि दुसरा ती खालची खुंटी शोधतोय.

"अरे, काय करतोस?" मागून आवाज आला.

काका केळीतून येत होता. अनवाणी. एका हातात काडीपेटी, दुसऱ्या हातात कंदील. दिवसाढवळ्या पेटवलेला. मी वर आलो. मी त्याला म्हटलं, चपला! चपला इथे कशाला काढून ठेवल्यास? तो गोंधळून म्हणाला, "तुझ्या बाबाच्या जागी चपला घालून कसा येऊ? दर साली काढतो की." आणि तो कंदील? "त्या दिवशी नाय ना सोडला कोनी त्याच्यासाठी, आधी. म्हनून दर साली सोडतो एकदा."

मी त्याला अशा शिव्या घातल्या की तुझ्या हवालदारानं टोपी काढली असती. म्हटलं, म्हाताऱ्या, आमच्या घरातली माणसं या चपलांवर संपवायचा विडा उचललायस काय? त्यानं माझ्या दुमडलेल्या पँटकडे बघितलं, आणि त्याला कळलं. त्याला जे हसू फुटलं! आम्ही दोघं काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग त्यानं दोराला कंदील बांधला. मी दोराचं दुसरं टोक बघितलं. ते त्याच्याच हातात होतं. त्यानं कंदील खाली सोडला. पार तळाशी गेला, विझला नाही.

बाबा, तू मोजलं नाहीस म्हणून मी इतकी वर्षं गावभर सांगत फिरलो, आणि उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा सांगणार आहे. त्यात बदल नाही. पण आज मीही मोजलं नाही. आणि ही गोष्ट मी कोणाला सांगणार नाही. काकालाही शपथ घातलीय.